निळ्या पिंपांतून तुवालूला

शारजा औद्योगिक क्षेत्रात, एका बाजूला टायरचं गोदाम आणि दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप, यांच्या मध्ये आमचं यार्ड होतं. तिथे मी बावीस वर्षं समुद्राचं पाणी गोडं करणारी मशिनं बांधली. संपादकांनी लेख मागितला तेव्हा आमचे हे म्हणाले, "कुठल्या साली कुठलं प्रमोशन, ते लिहू नकोस. तुवालूचं लिही. ते सांगताना तुझा आवाज अजून वर चढतो."

चढतोच. पॅसिफिक महासागराच्या मधोमध ठिपक्यांसारखी पसरलेली ती बेटं मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत. पण तिथल्या एका बेटाचा कानाकोपरा मला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगपेक्षा जास्त माहीत आहे.

आधी आमचा धंदा थोडक्यात सांगते. एक अतिशय बारीक छिद्रांचा पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात. समुद्राचं पाणी पंपानं त्यावर ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. इतकंच. फक्त ढकलायचा दाब गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट लागतो आणि पडद्याचा स्वभाव नव्या सुनेसारखा असतो. त्याला गाळ चालत नाही, गंज चालत नाही, क्लोरीन चालत नाही. अर्धं आयुष्य मी पडद्यापर्यंत काय पोचू द्यायचं नाही याचाच विचार करण्यात घालवलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने होती. फुजैराचा एक केरळी हॉटेलवाला रोज फोन करायचा, "मॅडम, पानी में टेस्ट नहीं है." शेवटी त्यानं गावच्या विहिरीच्या पाण्याची बाटली विमानातून आणली. मी तपासलं, थोडं कॅल्शियम वाढवलं, थोडं आणखी काही. प्यायला आणि म्हणाला, "नाइंटी पर्सेंट." मी म्हटलं, "बाकी का दस पर्सेंट आपका बचपन है, वो मशीन में नहीं बनता." त्यानंतर दर ईदला त्याच्याकडून हलव्याचा डबा यायचा.

मग २००८ सरता सरता मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगार-वसाहतींसाठी आम्ही मशिनं बांधत होतो, त्या ऑर्डरी एका आठवड्यात खलास. चाळीस माणसांतली नऊ उरली. जुमेरा लेक टॉवर्समध्ये यांच्या ऑफिसचा अर्धा मजला रिकामा झाला, पगार निम्म्यावर आला. आमचे मालक साळवीसाहेब मूळचे देवगडचे, मोठ्या आवाजाचे आणि हळव्या मनाचे. ते रोज सकाळी ताडपत्रीखाली उभ्या चार तयार मशिनांभोवती फेरी मारायचे आणि म्हणायचे, "मेघा, लग्न मोडलेल्या मुलींसारखी उभी आहेत गं ही."

अशी पावणेतीन वर्षं गेली. आणि एके दिवशी दुपारी दारातून एक प्रचंड माणूस आत आला. अर्धी पँट, पायात रबरी चपला, केसांत पांढरा शंखाचा गजरा. आमचा फिटर लतीफभाई, पेशावरचा, चार दशकं पाना हातात धरलेला माणूस, तोही उठून उभा राहिला.

"ताडपत्रीखाली काय आहे?" त्या माणसानं इंग्रजीत विचारलं. "वॉटरमेकर आहेत ना?"

त्याचं नाव इओसेफा. मालवाहू जहाजावर इंजिनखलाशी. जहाज दुरुस्तीसाठी गोदीत लागलं होतं. जहाजावरही पाणी गोडं करायचं यंत्र असतं, म्हणून त्याला आमचं मशीन ओळखता आलं. त्याच्या बेटावर सात महिने पाऊस नव्हता. लतीफभाईंनी नाव ऐकलं आणि म्हणाले, "इओसेफा? अरे, ये तो अपना यूसुफ है!" तेव्हापासून तो आमचा युसुफच.

त्यानं खिशातून घडी घातलेला नकाशा काढला. निळं, निळं, निळं आणि त्यात माशीनं बसावं तसे ठिपके. चहाचे तीन कप होईपर्यंत तो बोलत राहिला आणि मी पेन घेऊन लिहीत राहिले, कारण मला असं काही पूर्वी कुणी सांगितलंच नव्हतं.

तुवालू म्हणजे 'एकत्र उभे असलेले आठ'. बेटं नऊ, पण नवव्यावर पूर्वी कायमची वस्ती नव्हती, म्हणून आठ. सगळी मिळून जमीन सव्वीस चौरस किलोमीटर. डोंगर नाही, नदी नाही, ओढासुद्धा नाही. सगळ्यात उंच जागा दोन मजली घराइतकीही नाही. बरीचशी बेटं म्हणजे पोवळ्याच्या खडकाचं कडं, मध्ये उथळ खाजण, बाहेर अथांग समुद्र. कडं कुठेकुठे इतकं अरुंद की उभं राहून दोन्हीकडे दगड भिरकावता येतो.

"मग प्यायचं पाणी येतं कुठून?" मी विचारलं.

"आकाशातून. पत्र्यावरून टाकीत. आणि थोडं पायाखालून."

पायाखालची गोष्ट मला सगळ्यात आवडली. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय धरते तसं. तुवालूचे लोक त्या सायीपर्यंत खड्डे खणतात आणि त्यात अळूच्या जातीचे कंद लावतात. पाऊस थांबला की साय पातळ होते, खालचं मीठ वर येतं, कंद कुजतात. त्या वर्षी तेच झालं होतं.

इतिहासही त्यानं सांगितला. बेटांना इंग्रजांनी 'एलिस' नाव दिलं, ते इंग्लंडच्या एका खासदाराचं. त्यानं ही बेटं कधी पाहिली नाहीत. पेरूहून माणसं पळवणारी जहाजं आली, देवाधर्माचं शिक्षण देतो म्हणून दक्षिणेच्या दोन बेटांवरची शेकडो माणसं चढवून घेऊन गेली. जवळपास कुणी परतलं नाही. इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनी पोवळं किती खोल जातं ते पाहायला हजार फुटांच्या वर भोक पाडलं, तरी खाली पोवळंच. आणि महायुद्धात अमेरिकन सैन्य आलं. त्यांनी नारळाची झाडं तोडून विमानांसाठी धावपट्ट्या केल्या. युसुफच्या बेटावरच्या लोकांना शेजारच्या छोट्या बेटावर हलवलं, बाहेरच्या खडकात सुरुंग लावून होड्यांसाठी वाट फोडली आणि भरावासाठी जमिनीत मोठाले खड्डे खणले.

"माझी आत्या तेव्हा दहा वर्षांची होती," तो म्हणाला. "आता पुन्हा तेच. बेटावरच्या मंडळींनी ठरवलंय की पाणी आलं नाही तर मुलं आणि म्हातारी माणसं बोटीनं राजधानीला पाठवायची. आत्या म्हणते, एकदा गेले होते, परत आले तर झाडं नव्हती. आता मी जाणार नाही. ती खरंच जाणार नाही, मॅडम. पाण्यावाचून तिथेच बसून राहील."

साळवीसाहेब उठले आणि सगळ्यात लहान मशीनवरची ताडपत्री ओढून काढली. "यल्ला, चल, लतीफ. हे पाठवायचं." खलाशांनी आणि त्यांच्या चर्चनं वाहतुकीचं पाहिलं. मशीन साहेबांनी दिलं. त्यावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी आनंदानं आकडेमोड करायला बसले. आमच्या आखातातल्या पाण्यात मीठ जास्त, पॅसिफिकमध्ये कमी. म्हणजे हेच मशीन तिथे जास्त पाणी देणार! मी ओरडूनच सांगितलं. युसुफ शांतपणे म्हणाला, "छान. पण हे उतरवणार कसं?"

मी म्हटलं, "क्रेननं."

तो हसला, ते हसणं शेजारच्या टायरवाल्यांनी ऐकलं असेल. त्याच्या बेटाला धक्काच नाही. जहाज बाहेर उभं राहतं, लाटांवर होड्या हलत असतात, माल हातानं होडीत आणि होडी त्या अमेरिकनांनी फोडलेल्या वाटेतून आत. आमचं मशीन एका लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं, नऊशे किलोचं.

मग जे सुरू झालं ते माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे नऊ दिवस. लतीफभाईंनी सांगाडा कापला. चार माणसांना उचलता येणार नाही असा एकही तुकडा ठेवायचा नाही, हा नियम. बोल्ट चौदा मापांचे होते, त्यांनी सगळे बदलून एकाच मापाचे केले, म्हणजे एका पान्यात काम भागेल. नळ्यांना मी रंग दिले. निळी निळ्याला, पिवळी पिवळ्याला. माझी लेक गार्गी तेव्हा नववीत, तिनं चित्रांची पुस्तिका केली. मी लिहिलेलं इंग्रजी वाचून म्हणाली, "Aai, nobody talks like this. Just say, turn it slowly." आणि मेम्ब्रेन, मीटर, विजेचं पॅनेल? ते लतीफभाईंनी केमिकलच्या निळ्या प्लॅस्टिक पिंपांत घातलं, झाकणाला सील लावलं.

"पिंप क्यूँ, लतीफभाई? लकड़ी की पेटी ठीक थी."

"मॅडमजी, पेटी गिरेगी तो डूबेगी. पिंप गिरेगा तो तैरेगा."

तालीम म्हणून युसुफनं आणि आमच्या तीन माणसांनी सगळे नग यार्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला उचलून नेले, भर सप्टेंबरच्या उन्हात, आणि लतीफभाईंनी फक्त पुस्तिकेकडे बघत ते जोडून दाखवलं. पहिल्या दिवशी अकरा तास लागले. तिसऱ्या दिवशी पाच. मग युसुफचं जहाज सुटलं आणि बाकीचे नग नि पिंपं विमानानं फिजीला, तिथून जहाजानं राजधानी फुनाफुतीला आणि शेवटी बेटाबेटांना फिरणाऱ्या बोटीवर चढली. जाताना युसुफ म्हणाला, "पुढचं माझी बहीण मेले बघेल. ती तिथे शाळेत शिक्षिका आहे. मी समुद्रावर असेन, मला फक्त कळवा."

बेटावर टेलिफोनची एक खोली होती. आमचे सकाळचे सात म्हणजे त्यांचे दुपारचे तीन. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही सगळे भोवती उभे राहायचो.

सोमवारी मेलेचा पहिला फोन. "बोट आली. तुमचा माल उतरला. एक निळं पिंप वाटेत पाण्यात पडलं."

साळवीसाहेबांनी डोक्याला हात लावला.

"तरंगत खाजणात गेलं," मेले म्हणाली, "होडीनं पाठलाग करून आणलं. आत कोरडं आहे." लतीफभाईंनी मिशीवरून हात फिरवला. "पण एक ऐका. ही बोट आता पुढच्या बेटांना जाऊन गुरुवारी संध्याकाळी परत येते. परतीच्या वेळी ती मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन जाणार. टाक्यांत तेवढंच पाणी आहे. गुरुवारपर्यंत तुमच्या मशीनचं पाणी आलं तर कुणी जाणार नाही, असं मंडळींनी कबूल केलंय."

चार दिवस. आणि खरं सांगते, माझ्या अंगात वीज खेळली. तीन वर्षं रद्द झालेल्या ऑर्डरींच्या फायली आवरण्यात गेली होती. आता कुणाला तरी आमचं मशीन खरोखर हवं होतं.

मंगळवारी मेलेनं सांगितलं की तिनं आणि बेटावरच्या जनरेटरवाल्यानं मिळून मशीन जोडलं, सहा तासांत. चालूही झालं. आम्ही टाळ्या वाजवणार तोच ती म्हणाली, "चाळीस मिनिटं चाललं. मग बंद पडलं."

"फिल्टर उघडून बघ. कसा दिसतो?"

"पांढरा. खडूच्या चिखलासारखा."

चूक माझी होती, निखालस माझी. पाणी कुठून ओढायचं ते मी उपग्रहाच्या चित्रावर बघून ठरवलं होतं. खाजण शांत, जवळ, सोयीचं. वरून निळंशार दिसतं. पण तळाशी पोवळ्याची पिठासारखी भुकटी असते आणि जरा वारा आला की ती सगळी उठते. हे मेलेला माहीत होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. पुस्तिकेत बाण काढून मोकळी झाले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही इंजिनियर आहात, तुम्हाला काही कारण असेल."

या एका वाक्याची बोच अजून गेलेली नाही. नोकरीत माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी ते ऐकवलं.

बाहेरच्या समुद्रात नळी टाकणं शक्य नव्हतं, लाटांनी फुटली असती. मग मला तो हजार फुटांचा पोवळ्याचा थर आठवला. पोवळं म्हणजे स्पंज. समुद्राचं पाणी त्यातून आपोआप गाळून जमिनीखाली येत असणार. म्हणजे आपल्याला हवा खड्डा, समुद्राच्या जवळचा, ज्यात खारं पण स्वच्छ पाणी येतं.

"मेले, अमेरिकनांचे खड्डे अजून आहेत का?"

"खूप आहेत. त्यांत भंगार भरलंय. पिंपं, ट्रकचे सांगाडे."

भंगार म्हणजे गंज, आणि गंज म्हणजे पडद्याचा खून. आमच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, दिवस दोन उरले होते. मी म्हटलं, "पांढऱ्या बशा घे. प्रत्येक खड्ड्यातलं पाणी एकेका बशीत घालून उद्यापर्यंत ठेव. ज्या बशीला तांबूस रंग चढेल तो खड्डा बाद. आणि या वेळी मी विचारते आहे. तुमच्यापैकी या खड्ड्यांची माहिती सगळ्यात जास्त कुणाला आहे?"

"आत्याला," मेले म्हणाली. "फूफी को," लतीफभाई पुटपुटले.

बुधवारी सकाळी सहालाच आम्ही सगळे यार्डात हजर. फोन लागेना. तीनदा तुटला. लागला तेव्हा मेले धापा टाकत होती. "सात बशा ठेवल्या. सहा तांबड्या झाल्या. एक स्वच्छ आहे!"

"कुठली?"

"थांबा, आत्याच सांगेल." मग एक खरखरीत आवाज, वाक्यामागून वाक्य, आणि मागून मेलेचं इंग्रजी. "ती म्हणते, हा सैन्यानं शेवटी खणलेला खड्डा, समुद्राकडचा. भरतीला त्यात पाणी चढतं, ओहोटीला उतरतं. तळाशी इतकं गार असतं की आम्ही मुली तिथे शहाळी गार करायला ठेवायचो. म्हणून मी तिथे कधी कुणाला भंगार टाकू दिलं नाही. टाकायला आलेल्यांना काठी दाखवली."

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. गार! म्हणजे ते खाजणातलं तापलेलं पाणी नव्हतं, खोल समुद्रातलं होतं, पोवळ्यातून गाळून आलेलं. भरती-ओहोटीबरोबर हलणारं, म्हणजे कधी न आटणारं. विहीर खणायला आमच्या कंपनीनं जेवढे दिवस लावले असते, तेवढं काम एका सैन्यानं बेफिकिरीनं आणि एका मुलीनं काळजीनं करून ठेवलं होतं.

"मेले, मशीन तिथे हलवा. आजच. तुकडे करून, जसं आणलं तसं."

"माणसं निघाली आहेत," ती म्हणाली. तिनं मी सांगायची वाट पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी गार्गीनं शाळेला दांडी मारली आणि माझ्याबरोबर आली. हेही आले, अर्धी रजा टाकून. सात वाजता मेलेनं फोन केला आणि लाइन चालूच ठेवली. टेलिफोनच्या खोलीपासून खड्ड्यापर्यंत माणसांची रांग होती, मीटरवरचा आकडा ओरडत ओरडत तिच्यापर्यंत यायचा. पाण्यात किती मीठ उरलंय ते तो मीटर सांगतो. पाचशेच्या खाली आलं की प्यायला योग्य.

"अठराशे," मेले म्हणाली.

"घाबरू नकोस. पहिलं पाणी असंच येतं. ते सोडून दे. व्हॉल्व्ह हळू फिरवायला सांग."

"अकराशे."

लतीफभाईंचे ओठ हलत होते. साळवीसाहेब उन्हात जाऊन परत आत आले.

"सातशे साठ." बराच वेळ नुसती खरखर. मग एकदम लांबवर गलका. "मॅडम, चारशे दहा! चारशे दहावर थांबलाय!"

"पी!" मी ओरडले. "पी आणि सांग कसं लागतंय!"

रांगेतून हातोहात पेला आला, ती प्यायली. "कसलीच चव नाही."

"तेच बरोबर आहे!" मी टेबलावर हात आपटला, आणि आमच्या यार्डात जो आरडाओरडा झाला तो ऐकून टायरवाले धावत आले, त्यांना वाटलं आग लागली.

पुढे पाऊस आला, महिन्याभरानं. मशीन धुऊन, तेलपाणी करून झाकून ठेवलं, आणि पुढच्या कोरड्या दिवसांत पुन्हा काढलं. उरलेली तीन मशिनं आम्हाला शेवटी सुटे भाग म्हणून विकावी लागली, त्याची चुटपुट आहे. मी तिकडे कधी गेले नाही, त्याचीही आहे. तिकीट बघायचे, आणि काहीतरी निघायचं. मेले अजून पत्र लिहिते. आत्या तिच्याच घरात, पुढे चार वर्षांनी गेली.

पण त्या गुरुवारी आम्ही कुणी घरी गेलो नाही. अकरा वाजता, त्यांच्या संध्याकाळी, पुन्हा फोन. बोट आली होती. कप्तान स्वतः होडीनं किनाऱ्यावर उतरला, हातात कागद, किती माणसं चढणार ते लिहून घ्यायला. आत्या काठी टेकत पुढे गेली आणि तिनं त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. तो प्यायला. पुन्हा पेला पुढे केला, तिनं पुन्हा भरला. मग त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि विचारलं, "टपाल तरी आहे का काही?"

साळवीसाहेब डोळे पुसायला बाहेर गेले आणि ते लपवायला कुणाला तरी ओरडायला लागले. मी कॉम्प्युटर उघडला. युसुफच्या जहाजाला कळवायचं होतं. काय लिहावं सुचेना. किती लिटर, किती दाब, खड्डा कुठला, सगळंच सांगावंसं वाटत होतं.

लतीफभाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"इतना क्या सोचना, मॅडमजी," ते म्हणाले. "यूसुफ को लिखो, फूफी घर पर है."

तेवढंच लिहिलं आणि पाठवलं.